नईममधील विलायती शेगडी

जानेवारी महिना होता आणि सदानंद पेंडुरकर मनामा शहराच्या नईम भागात स्वतःच्याच दिवाणखान्यात कानटोपी घालून बसले होते. बहारीनमध्ये थंडी पडते, ही गोष्ट त्यांच्या डोंबिवलीच्या नातेवाइकांना आजवर कोणीही पटवून देऊ शकलेले नव्हते. परंतु वर्षातील बहुतेक काळ एसीच्या आश्रयाने जगणाऱ्या त्या घराची फरशी, समुद्रावरून उत्तरेचा वारा सुटला की अशी काही गार पडे, की अनवाणी माणसाने स्वयंपाकघरापर्यंतचा प्रवास विचारपूर्वकच करावा.

कोपऱ्यात विजेचा हीटर होता. तथापि तो लावण्याचा अधिकार सदानंदांनी स्वतःकडे राखून ठेवला होता. ते सित्रा येथील एका गोदामात हिशेबनीस होते आणि विजेचे बिल हा त्यांच्या हृदयाचा हळवा भाग होता.

“अहो, लावा ना तो हीटर. पाय बधिर झाले माझे,” सुरेखाबाई म्हणाल्या.

“दोन पायमोजे घाल.”

“दोन घातलेत. त्यावर तुमचे घातलेत.”

“म्हणूनच मला सापडत नव्हते,” असे म्हणून सदानंदांनी स्वतःचे पाय सोफ्याच्या उशीखाली सारले.

नेमक्या याच सुमारास जुफैरमधील एक परदेशी गृहस्थ नोकरी संपवून मायदेशी निघाले आणि त्यांनी घरातील सामान विकावयास काढले. त्यांच्या कंपनीने येताना त्यांचे घर जसेच्या तसे जहाजात घातले होते, त्यामुळे बर्फाळ देशातील एक शेगडीही बहारीनला येऊन पोहोचली होती. ही शेगडी विजेवर नव्हे, तर पेलेटवर चालत असे. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या. शेगडीला गिऱ्हाईक मिळेना. अखेर त्या गृहस्थांनी सदानंदांना ती जवळजवळ फुकट दिली, एक पोते पेलेटही दिले आणि वर हस्तांदोलनही केले.

“आपल्याला हे चालतं का पण?” सुरेखाबाईंनी विचारले.

हा प्रश्न रास्त होता. त्यांच्या घरमालकीणबाई उम्म खलील स्वभावाने दयाळू होत्या. त्यांनी कित्येक वर्षांत भाडे वाढविले नव्हते. परंतु त्यांच्या दोन अटी होत्या: घरात जनावर नको, आणि स्वयंपाकघराबाहेर आग नको. भाड्याचा करार याच महिनाअखेरीस संपणार होता. सुरेखाबाईंचा त्या घरावर फार जीव होता. मंदिर चालत जाण्याच्या अंतरावर, लेक कस्तुरीच्या शाळेची बस दारात आणि गच्चीवर पापड वाळविण्याइतके ऊन, असे घर मनामात पुन्हा लाभणे कठीण होते.

“तिला कळणार कसं?” सदानंद म्हणाले.

“हे घर गेलं ना, तर मी कस्तुरीला घेऊन डोंबिवलीला जाईन. तुम्ही रहा शेगडीबरोबर.”

शेगडी बसविण्याचे काम खालच्या मजल्यावरील पायस यांनी केले. पायस मूळचे वसईचे आणि एका हॉटेलात मेंटेनन्सला होते. खिडकीचा एसी हिवाळ्यात धुण्यासाठी काढलेला होता. त्या रिकाम्या चौकटीतून पायस यांनी धुराचा पाइप बाहेर काढला, भोवती पत्रा ठोकला आणि चार पावले मागे जाऊन आपल्या कलाकृतीकडे पाहिले.

“सदा, एक नंबर! आता बर्फ पडला तरी टेन्शन नाही.”

“इथे कुठला बर्फ?”

“तेच म्हणतो. टेन्शनच नाही.”

शेगडी पेटली. काचेआड केशरी ज्वाळा नाचू लागल्या. सुरेखाबाईंच्या पायातून एकेक मोजा उतरत गेला. कस्तुरी गृहपाठ घेऊन शेगडीपाशी बसली. सदानंदांनी हीटरचा प्लग काढून त्याची वायर गुंडाळली आणि एखाद्या पराभूत शत्रूला तुरुंगात टाकावे तसा तो माळ्यावर टाकला. त्या घरात काही दिवस खरोखरच सुख नांदले.

मग पेलेटचे पोते संपले.

सदानंदांनी अनेक दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने त्यांना कोळसा दाखविला, दुसऱ्याने कोंबड्यांचे खाद्य दाखविले, आणि तिसऱ्याने “हबीबी, बहारीन में आग किसको चाहिए?” असे विचारून पाण्याची बाटली दिली. शेवटी मार्ग कस्तुरीने काढला.

“बाबा, इट्स द सेम थिंग. लुक.” तिने मोबाइल पुढे केला. पाळीव प्राण्यांच्या दुकानात पाइन लाकडाच्या तशाच कांड्या विक्रीस होत्या. घरातील मांजरांना शी-शू करण्यासाठी त्या तबकात पसरतात.

“शी!” सुरेखाबाई म्हणाल्या.

“अगं, नव्या आहेत. अजून कोणी केलेली नाही,” सदानंदांनी खुलासा केला.

पोती आली. प्रत्येक पोत्यावर निळ्या डोळ्यांच्या मांजराचे मोठे चित्र होते. या कांड्यांना लॅव्हेंडरचा वासही दिलेला असल्यामुळे गल्लीत सुगंधी धूर पसरू लागला. पेंडुरकरांनी बखूर हा अरबी धूप जाळण्याची स्थानिक रीत उचलली, असा शेजाऱ्यांनी समज करून घेतला आणि त्यांचा आदर वाढला. परंतु पोती वर नेणारा वॉचमन सिराज मात्र डोळस मनुष्य होता.

“साब,” एके दिवशी जिन्यात तो थांबला, “कितना बिल्ली है?”

या क्षणी सदानंदांच्या मनात जो विचार आला तोच पुढील अनर्थाचे मूळ ठरला. मांजर नाही म्हणावे, तर ही पोती कशासाठी? ती जाळण्यासाठी म्हणावे, तर संपले. म्हणून ते गूढ हसले आणि म्हणाले, “थोड़ा है.”

“थोड़ा है?” घरी हे ऐकून सुरेखाबाईंनी कपाळाला हात लावला. “मांजर काय दूध आहे, थोडं असायला?”

“मोघम बोललो. आकडा सांगितला असता तर खोटं झालं असतं.”

सिराज मोघम माणूस नव्हता. पोत्यांच्या संख्येवरून त्याने स्वतःच अंदाज बांधला. आठवड्याच्या आत पेंडुरकरांकडे डझनभर मांजरे असल्याची वार्ता गल्लीच्या टोकापर्यंत आणि तेथून उम्म खलील यांच्यापर्यंत पोहोचली. बाईंचा निरोप आला: संध्याकाळी घर पाहायला येते, मग कराराचे बोलू.

सदानंद गोदामातून अर्ध्या दिवसाची लीव्ह टाकून धावत घरी आले. पायस यांना बोलावण्यात आले. नवरा-बायको आणि पायस अशा तिघांनी शेगडी उचलण्याचा यत्न केला, परंतु ती तसूभरही हलली नाही. पाइप तेवढा निघाला. तो पलंगाखाली गेला, आणि चौकटीच्या भोकावर कस्तुरीचे शाळेतील बक्षिसाचे प्रमाणपत्र चिकटविण्यात आले. शेगडीवर भरजरी टेबलक्लॉथ घालून वर मनीप्लांटची कुंडी ठेवली.

“शेगडी झाली,” सुरेखाबाई म्हणाल्या. “आता पोत्यांचं काय सांगणार?”

“ऐका माझं,” पायस म्हणाले. “एक मांजर दाखवा. सॉरी म्हणा. काढून टाकतो म्हणा. मांजराची माफी मिळते, आगीची नाही मिळत.”

“मांजर आणायचं कुठून?”

“ते माझ्यावर सोडा, वहिनी.”

पायस यांनी हॉटेलच्या कपड्यांच्या टोपलीतून मासळीबाजारामागची एक करड्या रंगाची मांजरी आणली. ती चांगलीच गुबगुबीत होती.

“मुद्दाम जाडी बघून आणली,” पायस अभिमानाने म्हणाले. “खात्यापित्या घरची दिसली पाहिजे ना.”

“शी इज सो क्यूट!” कस्तुरी ओरडली.

“लळा लावू नकोस,” सदानंद म्हणाले. “ही फक्त गुन्हा कबूल करण्यापुरती आहे.”

तेवढ्यात बेल वाजली.

उम्म खलील काळ्या अबायात, हातात काठी घेऊन आत आल्या. त्यांच्या मागे साक्षीदाराच्या मुद्रेने सिराज होता. बाईंनी लहानपणापासून बाजारात हिंदी ऐकली होती व ती त्या आपल्या सोयीने बोलत.

“सदानंद, तुम अच्छा आदमी. लेकिन बिल्ली मफी, बिल्कुल नहीं. हम बोला था.”

“मॅडम, गलती हो गया. सिर्फ एक है. कल निकाल देगा,” सदानंदांनी तयार केलेले वाक्य म्हटले आणि सुरेखाबाईंना खूण केली.

सुरेखाबाईंनी टोपलीचे झाकण उघडले. आता मांजरीने नम्रपणे उभे राहावे एवढीच अपेक्षा होती. परंतु ती खाली उतरली, गार फरशीवर एक पाऊल ठेवून तिने ते झटकले आणि हवेत नाक फिरविले. शेगडी सकाळीच विझविली होती, तरी तिच्या जाड लोखंडात ऊब शिल्लक होती. मांजरीने दोन उड्यांत टेबलक्लॉथ गाठला, मनीप्लांटची कुंडी ढकलून फोडली आणि त्या जागी वेटोळे घालून डोळे मिटले.

उम्म खलील पुढे झाल्या. त्यांनी मांजरीच्या पाठीवरून हात फिरविला. मग टेबलक्लॉथवरून फिरविला. मग तो हात तेथेच राहिला.

“शिनू हादा?” त्यांनी विचारले. हे काय, असा त्याचा अर्थ होता, आणि तो त्या वेळी कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

कापड बाजूला झाले. त्याच क्षणी चिकटपट्टी सुटून प्रमाणपत्र खाली पडले आणि भोकातून गार वारा आत शिरला. सुरेखाबाईंच्या डोळ्यांपुढे डोंबिवलीचे घर उभे राहिले. सदानंदांनी पलंगाखालून स्वतःच पाइप काढून आणला आणि मान खाली घालून सर्व सांगितले: हीटर, बिल, पोती, उसनी आणलेली मांजरी, सगळेच.

“मतलब बिल्ली है ही नहीं?” सिराज दुखावल्या स्वरात म्हणाला.

बाईंनी खुर्ची शेगडीजवळ ओढून घेतली आणि दोन्ही गुडघे लोखंडाला लावले.

“ये मेरा घर में आग मफी,” त्या सावकाश म्हणाल्या. सदानंदांनी मान आणखी खाली घातली. “लेकिन सखीर का रेगिस्तान में हमारा तंबू है. बच्चा लोग पूरा सर्दी उधर. हमारा घुटना रात को रोता है. तंबू को बाहर पाइप निकालेगा, खलास. ये हमको दे दो.”

“ले जाइए मॅडम! आज ही ले जाइए!” पेंडुरकर दांपत्य एका सुरात म्हणाले.

“और कागज पुराना भाडा पे.”

सुरेखाबाईंनी पदराने डोळे टिपले. सदानंदांना एवढा आनंद झाला की कृतज्ञतेच्या भरात त्यांनी टोपली उचलली. “और ये बिल्ली हम अभी बाहर छोडता है.”

उम्म खलील यांनी काठी फरशीवर आपटली.

“सदानंद, तुम अंधा? इसका पेट देखो!”

सर्वांनी मांजरीकडे पाहिले. मग सर्वांनी पायस यांच्याकडे पाहिले.

“मला वाटलं खाऊन जाडी झालीय,” पायस पुटपुटले.

“पेटवाली को ठंडी में निकालेगा? हराम! इधर रहेगा. बच्चा बड़ा होने तक हीटर लगाओ. दिन-रात. हम हर जुम्मा को देखने आयेगा.”

त्याच संध्याकाळी पिकअप आली आणि चार माणसांनी शेगडी खाली नेली. सदानंद माळ्यावर चढले व गुंडाळलेली वायर सोडवीत बराच वेळ तेथेच बसून राहिले.

फेब्रुवारीचा वारा यंदा जरा अधिकच बोचरा होता. पेंडुरकरांच्या दिवाणखान्यात हीटर अखंड चालू असे. त्याच्या पुढ्यात सुरेखाबाईंची जुनी दुलई घातलेले खोके, आणि खोक्याभोवती मिळेल ती ऊब घेत तिघे पेंडुरकर दाटीवाटीने बसलेले असत. एकदा सदानंदांचा हात सहज बटणाकडे गेला.

“अहो, शुक्रवार आहे आज,” सुरेखाबाई एवढेच म्हणाल्या. हात मागे आला. सुरेखाबाईंच्या पायात आता एकही मोजा नव्हता.

खाली जिन्यात सिराज नवे पोते खांद्यावर घेत होता. त्यातील कांड्या आता ज्या कामासाठी बनविल्या होत्या त्याच कामी येत होत्या, आणि त्याही पुरत नव्हत्या.

“साब,” त्याने जपून विचारले, “अब सच्ची बोलो. कितना बिल्ली है?”

मोबाइलवर नुकतेच आलेले विजेचे बिल सदानंदांनी खिशात टाकले. वरून बारीक, अनेक आवाजांतील म्यांव म्यांव ऐकू येत होते.

“थोड़ा है,” ते म्हणाले.