मोटारीखालची सही

राठौडसाहेबांची १९२९ सालची विलायती मोटार एका हॉटेलच्या लॉबीत जाणार होती आणि तिच्या बॉनेटवर काकडी, टोमॅटो आणि मोड आलेले मूग मांडले जाणार होते. हॉटेलचे मालक ध्रुव माथुर यांना सॅलड ठेवायला काहीतरी ‘शाही’ हवं होतं. मोरेश्वर खांबेट्यांनी हे ऐकलं आणि त्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

खांबेटे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मुलगी अनुया जयपूरच्या झालाना भागातल्या एका कंपनीत लागली, म्हणून नवराबायको साताऱ्याहून तिकडे आले आणि राजा पार्क वस्तीत राठौडसाहेबांच्या वरच्या मजल्यावर राहू लागले. सात महिने खांबेट्यांनी बाल्कनीतून रहदारीला नावं ठेवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. मग एके दिवशी खालच्या गॅरेजात, चाळीस वर्षं रजयांखाली झोपलेली ती मोटार त्यांना दिसली आणि गृहस्थ माणसांत आले.

“साब, ये गाडी मैं चालू करके दिखाता. सॅलड का नाव मत निकालो,” त्यांनी राठौडसाहेबांना सांगितलं.

गाडी राठौडसाहेबांनाही द्यायची नव्हतीच. पण त्यांच्या तिघा भावांचं म्हणणं होतं, की हे धूड एकदाचं घालवा. शेवटी तडजोड झाली. दोन महिन्यांनी, एका रविवारी, जुन्या मोटारींची तपासणी होती. तिथे गाडीला ‘यंत्रणा मूळची’ असं प्रमाणपत्र मिळालं तर ती घरी राहील. नाही मिळालं, तर दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, ध्रुवजी ट्रक घेऊन येतील.

खातीपुऱ्याचे जुने मेकॅनिक नूर मोहम्मद उस्ताद मदतीला आले. पहिल्याच दिवशी सीटखालच्या फळीवर कोरलेलं नाव सापडलं: ‘करीम मिस्त्री, १९५१’. खांबेट्यांना भरून आलं.

“देखो उस्ताद, ये सही! आजकल के मिस्त्री को इतना अभिमान कहाँ होता है?”

“नहीं साहब,” उस्ताद कानाला हात लावून म्हणाले, “हममें अभिमान बिल्कुल नहीं है.”

“वही तो प्रॉब्लेम है!”

उस्तादांनी मान डोलावली. काय प्रॉब्लेम आहे हे त्यांना कळलं नाही, पण गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हा त्यांचा नियम होता.

दोन महिने दोघं राबले. गंजून अडकलेल्या ब्रेकच्या सळया सुटल्या, गिअरपेटी मोकळी झाली, इंजिन धूर ओकत का होईना चालू झालं. खांबेट्यांचा हेका एकच, नवं काही लावायचं नाही. त्यांचा खास जीव होता तो इंजिनाशेजारच्या तांब्याच्या डब्यावर. त्या काळी पेट्रोलला पंप नव्हता. इंजिनाच्या ओढीने मागच्या टाकीतलं पेट्रोल या डब्यात यायचं आणि तिथून खाली इंजिनात उतरायचं.

तपासणीआधीच्या शुक्रवारी दुपारी खांबेटे जेवत असताना उस्तादांचा फोन आला.

“साहब, मैंने नीचे भी सब देख लिया. आप कहो तो सही कर दूँ?”

खांबेटे ताटावरून अर्धे उठले. करीम मिस्त्रीच्या रांगेत आता नूर मोहम्मदही बसणार होते.

“जरूर करो! लेकिन छोटी करना. और ऐसी जगह करना, किसी को दिखे नहीं.”

“छोटी ही लगेगी साहब. दिखने का सवाल नहीं.”

“और पक्की करना हं. पुसली नहीं जानी चाहिए.”

“वेल्डिंग मार देता हूँ.”

वेल्डिंगने सही करणारा माणूस! खांबेट्यांनी त्या आनंदात भात आणखी एकदा वाढून घेतला.

शनिवारी सकाळी टॉर्च घेऊन ते गाडीखाली शिरले. वीस मिनिटं पाठीवर सरपटले. सही काही सापडली नाही. सापडली ती एक चकचकीत नवी वस्तू. वेल्डिंगने पक्की बसवलेली आणि वायर जोडलेली.

“उस्ताद, सही कहाँ है?” ते खालूनच ओरडले.

“सब सही है साहब.”

“पण दिखती नहीं!”

“आपने ही तो कहा था, दिखनी नहीं चाहिए.”

“और ये क्या है?”

“पेट्रोल की मोटर. छोटीवाली. बिजली से चलती है. वो पुराना डब्बा चढ़ाई पे धोखा देता है ना, तो उसको निकाल के सही कर दिया.”

खांबेटे बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा ग्रीसने काळा आणि इतरत्र पांढरा पडला होता. ऑफिसला सुट्टी म्हणून अनुया घरी होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“बाबा, हिंदीत सही म्हणजे ठीक! साइनला दस्तख़त म्हणतात.”

“मग आधी सांगायचं नाहीस?”

“मला काय माहीत, तुम्ही गाडीवर सह्या गोळा करताय ते!”

आता तो डबा परत बसवायला हवा होता. उस्तादांनी तो फेकला नव्हता, वरती नेऊन दिला होता. खांबेटे धापा टाकत स्वयंपाकघरात पोचले. डबा ओट्यावर झगमगत होता आणि त्यात झारे, उलथनी आणि पळ्या उभ्या होत्या.

“सुलोचना, ते दे आधी.”

“अहो, उस्तादांनी मला दिलंय ते. ‘दीदी, तांबा है, रख लो’ म्हणाले. चिंच-मीठ लावून तासभर घासलंय मी. हात भरून आले माझे!”

“हे नसलं तर त्या गाडीवर काकडी मांडतील गं!” खांबेट्यांनी खरंच हात जोडले. सुलोचनाबाईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि झारे काढून घेतले.

संध्याकाळपर्यंत पंप निघाला, वेल्डिंग घासलं गेलं आणि डबा जागेवर बसला.

रविवारी झालान्याच्या मैदानात तपासनीस भंडारीजी भिंग घेऊन गाडीभोवती फिरले. ब्रेक पाहून खूश झाले. गिअर पाहून खूश झाले. डब्यापाशी थबकले.

“ये तो नया है. कल का बना लगता है.”

“नहीं साब, ओरिजिनल है! सिर्फ चिंच से घासा है.”

“चिंच? ये कौन सी कंपनी है?”

“कंपनी नहीं! मिसेस ने घासा!”

भंडारीजींनी काहीतरी लिहिलं. मग खाली वाकले आणि त्यांना वेल्डिंग घासल्याची ताजी खूण दिसली. त्यांनी आणखी काहीतरी लिहिलं. शेजारी उभे असलेले ध्रुवजी बॉनेटची लांबी वितीने मोजू लागले होते.

“ठीक है,” भंडारीजी म्हणाले. “सामने की चढ़ाई पे चला के दिखाइए.”

चालवायला राठौडसाहेब बसले. खांबेटे खिडकीशी वाकून कळवळून म्हणाले, “साब, चढाई पे पाँव बीच-बीच में उठाना. दबाके रखा तो डब्बे में पेट्रोल नहीं आएगा.”

“हुकम,” राठौडसाहेबांनी होकार दिला आणि फेटा सावरला. पण तिघे भाऊ बघत होते, फोटोवाले बघत होते. साहेबांनी पाय जो दाबला तो दाबलाच. मोटार गर्जना करत चढ चढली, अर्ध्यात खोकली, आचके दिले आणि शांत झाली.

खांबेटे रस्त्याच्या कडेला बसले. दोन महिने त्यांनी रोज सकाळी उठून कामाला जाण्याचं सुख भोगलं होतं. आता पुन्हा बाल्कनी. त्यांना सरळ रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

तेवढ्यात भंडारीजींनी टाळी वाजवली.

“वाह! पंप होता तो चढ़ जाती. रुक गई, मतलब डब्बा असली है! सुबह से आठ गाड़ियाँ देखीं, सब फर्राटे से ऊपर. सब में पंप निकला!”

त्यांनी तिथेच, बॉनेटवर कागद ठेवून, प्रमाणपत्र लिहून दिलं.

“पर राठौड साब,” ध्रुवजी चिरडीला येऊन म्हणाले, “ये तो चलती ही नहीं!”

“असली है जी,” राठौडसाहेब आतूनच म्हणाले. “अब घर ले चलो.”

मोटार काही पुन्हा चालू होईना. भर उन्हात वरात राजा पार्काकडे निघाली. आत फेटा बांधून राठौडसाहेब, हातात प्रमाणपत्र. मागे ढकलायला तीन भाऊ, उस्ताद, अनुया आणि मधोमध, डोळे पुसत आणि हसत, खांबेटे. चौकात गाडी जडावली तसे ध्रुवजीही कोट काढून ढकलायला लागले. जी गाडी ते उद्या न्यायला येणार होते, ती आज पोचवायला निघाले होते.

“जोर लगाओ माथुरसाहब,” खांबेटे त्यांना म्हणाले, “ओरिजिनल है!”