बॉनेटखालचे उद्योग

"रविवारी भाऊजी गाडी बघायला येतायत," बायकोने चहाचा कप पुढ्यात ठेवत सांगितलं. "चालवून बघतो म्हणाले. तापली नाही तर लगेच घेऊन जातो म्हणाले."

इंजिनिअरला जोराचा ठसका लागला. हा इंजिनिअर म्हणजे विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करणारा माणूस. शिक्षण कॉमर्सचं. पण दर सुट्टीला तो पार्किंगमध्ये बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरलेला दिसायचा, म्हणून सोसायटीने त्याला परस्पर पदवी बहाल केली होती.

गाडी मात्र खरोखर खानदानी. लाकडी डॅशबोर्ड, कातडी सीटा, आणि दार लावलं की तिजोरी मिटल्यासारखा आवाज. आधी तिला एक कारखानदार कंटाळला, मग एक डॉक्टर कंटाळला, आणि मग आमचा इंजिनिअर तिच्यावर भाळला. दिवसभर साहेबाची बोलणी खाऊन तो संध्याकाळी त्या गाडीतून उतरला की गेटवरचा वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहायचा. जगात त्याच्यासाठी उभं राहणारं दुसरं कोणी नव्हतं. बायकोला ही गोष्ट कशी समजावून सांगायची?

बायकोची बाजूही खोटी नव्हती. वर्षभरापूर्वी रेडिएटरचा पंखा बंद पडला. मेकॅनिककडे जाणं म्हणजे पदवीचा अपमान, म्हणून इंजिनिअरने स्वतः नवी मोटर आणली, स्वतः तारा जोडल्या आणि पंखा चालू करून दाखवला. चालू झाला, हे शत्रूनेही कबूल केलं असतं. फक्त त्या दिवसापासून गाडी गर्दीत तापायला लागली. त्याने रेडिएटर धुतला, तरी तापली. थर्मोस्टॅट बदलला, मग तर आणखी उत्साहाने तापली. "पंखा तर फिरतोय, मग घोडं पेंड खातंय कुठे?" असं म्हणत तो रस्त्याच्या कडेला वाफ जिरायची वाट बघत उभा राहायचा. मागच्या सीटवर बसून बायकोने तेवढ्या वेळात एक अख्खा स्वेटर विणून संपवला होता.

"अगं पण विकायचीच तर दुसऱ्या कोणाला विकू ना," तो म्हणाला. "साडूलाच कशाला?"

"कारण दुसरं कोणी विचारत नाहीये. आणि मी शनिवारी मेकॅनिकला बोलावतेय."

"मेकॅनिक कशाला? मी आहे ना."

"तुम्ही आहात म्हणूनच बोलावतेय."

दुसरं कोणतंही गिऱ्हाईक असतं तर इंजिनिअरने चार दिवस उसासे टाकून विषय सोडला असता. पण साडू! या माणसाचं आयुष्यात कधी काही अडलं नव्हतं. त्याचे केस गळत नव्हते, त्याची मुलं उलट बोलत नव्हती. उद्या तो सासुरवाडीच्या दारात याच गाडीतून उतरणार, आणि आपण मागून रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत येणार. त्यापेक्षा गाडी भंगारात गेलेली परवडली.

मेकॅनिकने मंगळवारशिवाय जमणार नाही म्हणून फोन ठेवला, तेव्हा बायकोचा नाइलाज झाला. "बघा काय ते," ती म्हणाली. "पण या वेळी तरी नीट करा."

इंजिनिअरने मान डोलावली. नीट करायचा त्याचा मुळीच विचार नव्हता.

पंखा काढून टाकला तर साडूला दिसेल. मोटर जाळली तर बायकोला वास येईल. शेवटी एका व्हिडिओतला माणूस देवासारखा धावून आला. "तारा उलट लावू नका बरं का!" तो बोट नाचवून सांगत होता. "उलट लावल्या की पंखा उलटा फिरतो. हवा आत ओढायची सोडून बाहेर ढकलतो. बघणाऱ्याला वाटतं पंखा छान चाललाय, आणि तिकडे इंजिन तापत राहतं!"

इंजिनिअरने मनातल्या मनात त्याचे पाय धरले. पंखा फिरताना दिसणार, गाडी उकळणार, आणि साडू रुमालाने घाम पुसत घरी जाणार. शनिवारी दुपारी तो बॉनेटखाली शिरला. दोन तारा सोडवल्या, त्यांची अदलाबदल केली, वर मायेने टेप गुंडाळली. आजवर त्याच्या हातून गाडी बऱ्याचदा बिघडली होती, पण ठरवून बिघडवायची ही पहिलीच वेळ. त्याने बॉनेट मिटलं आणि त्यावर हात फिरवला. "माफ कर गं," तो पुटपुटला, "पण तुझ्याच भल्यासाठी करतोय."

रविवारी साडू आला तो गॉगल लावूनच. त्याने गाडीला एक चक्कर मारली, टायरला लाथ घातली आणि काही न विचारता स्टिअरिंगवर जाऊन बसला. बायको शेजारी बसली. स्वतःच्या गाडीत इंजिनिअरची रवानगी मागच्या सीटवर झाली.

"एसी फुल ठेवा हां," इंजिनिअरने मागून सुचवलं. "आणि बाजारातून घ्या. गर्दीत खरी परीक्षा होते."

"वा साडूभाऊ! हा खरा विक्रेता. काही लपवाछपवी नाही."

बाजारात एक ट्रक आडवा लावून पोती उतरवणं चाललं होतं. मागेपुढे हॉर्न, वर टळटळीत ऊन, गाडी जागची हलेना. इंजिनिअरला कोण आनंद झाला! दोन सीटांच्या मधून मान घालून तो काट्याकडे बघत बसला. काटा चढला. अर्ध्यावर आला. आणि अर्ध्यावरच थांबला. पुढून पंख्याचा घुर्र आवाज आला, काटा आज्ञाधारक मुलासारखा जरा खाली उतरला.

"गार आहे की हो गाडी," साडू म्हणाला.

"अजून कुठे तापलीय... म्हणजे, अजून कुठे काही बघितलंय तुम्ही! टेकडीच्या चढावर घ्या."

टेकडीवर घेतली. पहिल्या गिअरमध्ये घ्या म्हणाला, घेतली. वर जाऊन उन्हात इंजिन चालूच ठेवा म्हणाला, ठेवलं. आपण स्वेटरचं सामान आणलं नाही म्हणून बायको आधी चुळबुळ करत होती. ती आता आरामात पाय पसरून बसली. काटा ढिम्म हलला नाही.

"मानलं बुवा!" साडू मागे वळून म्हणाला. "एवढा विश्वास गाडीवर? आपला सौदा पक्का."

तेव्हा कुठे इंजिनिअरच्या डोक्यात उजेड पडला. काल तारा उलट लावल्या म्हणून आज पंखा सुलट फिरतोय. म्हणजे वर्षभरापूर्वी, स्वतःच्या हाताने, पूर्ण काळजी घेऊन, आपण त्या... पुढचा विचार त्याने केला नाही. सांगावं तर वर्षभराचं माप पदरात पडणार, न सांगावं तर गाडी जाणार. त्याने खिडकीच्या काचेला डोकं टेकवलं. डोळे भरून आले होते, पण साडूसमोर डोळे पुसायची सोय नव्हती.

पार्किंगमध्ये परत आल्यावर साडूने किल्ली काढली आणि सरळ आपल्या खिशात घातली.

"भाऊजी, किल्ली," बायको हात पुढे करून म्हणाली.

"आता ती माझीच की मेहुणीबाई."

"छे हो! चालती गाडी कोणी विकतं का? मी आपली ती तापते म्हणून काढत होते. आता यांनी एवढी छान करून दिलीय."

साडूचा चेहरा पडला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं काही अडलं असावं, त्यामुळे कसं वागायचं हे त्याला सुचेना. चहासुद्धा न घेता तो निघून गेला.

इंजिनिअरला हर्षवायू व्हायचा बाकी होता. "तू ना," तो बायकोला म्हणाला, "लाखात एक आहेस." लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं मनापासून तो कधी बोलला नव्हता. बायको लाजलीसुद्धा. रात्री तो कधी नव्हे तो शीळ घालत झोपला.

सोमवारी सकाळी ऑफिसची बॅग घेऊन तो खाली उतरला, तर बायको स्टिअरिंगवर बसलेली.

"अगं, हे काय?"

"आता तापत नाही ना? मग मी नेते रोज. इतके दिवस भीतीने हात लावत नव्हते. तुमचं ऑफिस माझ्या वाटेवर नाही, नाहीतर सोडलं असतं." तिने आपल्या स्कूटरची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "हेल्मेट डिकीत आहे, जरा घट्ट होईल. आणि हे बघा, एवढी नीट चाललीय, आता बॉनेटला हात लावायचा नाही."

गाडी गेटपाशी पोहोचली. वॉचमन खुर्चीवरून उठून उभा राहिला. ती गेल्यावर त्याने गेट अर्धं लोटलं आणि परत बसला. स्कूटर बाहेर जायला तेवढी फट पुरत होती.