दारातलं परिणामी बल

रंगकाम संपलं आणि मास्तरांचं पुस्तकांचं लोखंडी रॅक जिन्याच्या चौकातून घरात परत येताना बरोबर दारात अडकलं. दोन चाकं उंबरठ्याच्या आत, दोन बाहेर. चाकं मास्तरांनीच हौसेनं बसवली होती आणि नटांवर परवा रंगही त्यांनीच चोपडला होता, त्यामुळे रॅक खोलण्याची सोय उरली नव्हती.

आत मास्तरीणबाई आणि लेक अडकल्या होत्या. बाहेर मास्तर, त्यांचा मेहुणा आणि समोरच्या बिऱ्हाडातले घड्याळजी. लेकीची अकरा वाजता मुलाखत होती. इस्त्रीचे कपडे घालून, फाइल छातीशी धरून ती तिसऱ्या आणि चौथ्या फळीच्या मधून बाहेर बघत होती.

"दहा वाजून दहा," घड्याळजी म्हणाले. स्वतःचं दार सताड उघडं टाकून ते मदतीला धावले होते.

"आत ओढा," मास्तरीणबाई म्हणाल्या. "गेलं होतं तसं येईल."

"ताई, बाहेरच काढू. वरच्या जिन्याकडे घेतलं की वळायला जागा मिळते," मेहुणा म्हणाला.

"वर नको, खालच्या जिन्याकडे घ्या," घड्याळजी म्हणाले. "म्हणजे माझं दार मोकळं राहील."

"कुठंही घ्या," लेक म्हणाली, "पण घ्या."

निवृत्तीला सहा वर्षं झाली, तरी तीन तोंडांतून तीन दिशा ऐकल्या की मास्तरांचा हात खडू शोधायचा. आता खिशात पेन्सिल सापडली.

"भांडू नका. ज्याला जिकडे ओढायचंय त्यानं तिकडे ओढा. सगळ्यांचं मिळून जे परिणामी बल निघेल, तिकडे रॅक मुकाट्यानं जाईल. अट एकच, दोऱ्या एकाच बिंदूला बांधायच्या."

बिंदू म्हणून मधल्या दांडीवरची कडी ठरली. कपडे वाळत घालायच्या दोरीचे तीन तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यात मास्तरांनी एकेक ताणकाटा अडकवला. ओढ किती किलोची हे त्याच्यावर दिसायचं. हे काटे शाळेनं निरोपाच्या वेळी नारळाऐवजी दिले होते, असं मास्तर सांगत. शाळेचं म्हणणं जरा वेगळं होतं.

"तुझ्यानं काही व्हायचं नाही," त्यांनी आतली दोरी फळ्यांमधून बायकोच्या हातात देत सांगितलं, "तू नुसती धरून ठेव."

मास्तरीणबाईंनी दोरीचा मनगटाला एक वेढा दिला.

"घर्षण नाही असं धरून चालू," मास्तर म्हणाले.

"भाऊजी, इथं घर्षणाशिवाय दुसरं काय आहे?"

"ओढा."

दोघांनी दात-ओठ खाऊन ओढलं. रॅक कुरकुरलं आणि जागच्या जागी थबकलं. मास्तर काटे वाचत सुटले. मेहुणा, वीस. घड्याळजी, वीस. त्यांनी नव्याकोऱ्या भिंतीवर दोघांचे दोन बाण काटकोनात काढले.

"अहो, भिंत," आतून आवाज आला.

"शास्त्र चाललंय." त्यांनी चौकोन पुरा करून कर्ण मोजला. "दोघांचं मिळून अठ्ठावीस. सरळ बाहेर."

"मास्तर," घड्याळजी दोरी न सोडता म्हणाले, "हा बाण माझ्या दाराकडे का दाखवतोय?"

पण मास्तर फळ्यांमधून डोकं घालून आतला काटा वाचत होते. तोही अठ्ठावीस. डोकं बाहेर काढताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पूर्ण संतुलन. परिणामी बल शून्य. प्रयोगशाळेत तीस वर्षांत एकदाही इतकं नेमकं आलं नव्हतं."

"बाबा, शून्य म्हणजे मी मुलाखतीला जाणार नाही."

"दहा तेवीस," घड्याळजी घामाघूम होऊन म्हणाले.

"हलू नका कोणी. मी परत मोजतो."

"आणि बाबा, समजा यातल्या एकानं दोरी सोडली तर?"

मास्तरांचा चेहरा उजळला. सहा वर्षांत त्यांना कोणी प्रश्न विचारला नव्हता. "वा. प्रश्न उत्तम आहे. आता बघ, ज्यानं सोडली त्याच्या बरोबर उलट दिशेला..."

स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं. मास्तरीणबाईंनी दोरी सोडली.

रॅक उंबरठ्यावरून उसळलं, मास्तरांच्या पेन्सिलीसकट बाहेर आलं आणि सगळा चौक एका दमात ओलांडून गेलं. मेहुणा वरच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसला, घड्याळजी खालच्या जिन्याच्या कठड्याला लोंबकळले. सगळ्या बिऱ्हाडांची दारं एकाच मापाची. रॅक घड्याळजींच्या दारात, दोन चाकं आत आणि दोन बाहेर, गच्च बसलं.

"येते बाबा. उत्तर कळलं," म्हणत लेक दोन-दोन पायऱ्या गाळून खाली पळाली.

घड्याळजी उभे राहिले. त्यांचा चष्मा, जेवण आणि दुकानाची किल्ली रॅकच्या पलीकडे होती.

"घाबरू नका," मास्तर म्हणाले. "तोच सिद्धांत लावू. आता फक्त कोण कुठं उभं राहणार ते..."

"तुम्ही कुठंही उभे राहू नका," घड्याळजी म्हणाले. "वहिनींना बोलवा."

वहिनी दारात आल्या. हातात ओलं फडकं होतं. त्यांनी रॅककडे पाहिलं, जिन्यावर बसलेल्या भावाकडे पाहिलं, भिंतीवरचा अठ्ठावीसचा आकडा वाचला.

"दोन बाप्यांचं मिळून अठ्ठावीस ना?"

"हो," मास्तर म्हणाले.

"आणि माझं?"

मास्तरांनी घसा साफ केला. "तेवढंच."

"मी तर नुसती धरून ठेवली होती," त्या म्हणाल्या, आणि फडकं मास्तरांच्या हातात देऊन दोरी उचलायला गेल्या. "तुम्ही भिंत पुसा."