विषय क्रमांक पाच : आत्मे वर्ग करणेबाबत

चेंबूरच्या आमच्या नवसंकल्प सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या इमारतीला तळमजल्यावर चार मजले आहेत, वीस सदनिका आहेत आणि लिफ्ट नाही. लिफ्टचा विषय संस्थेच्या दप्तरी गेली अकरा वर्षे 'विचाराधीन' या शीर्षकाखाली सुरक्षित आहे. चौथ्या मजल्यावरच्या सावंतकाकूंचे दोन्ही गुडघे कामातून गेल्यामुळे त्या दोन वर्षांत एकदाही खाली उतरलेल्या नव्हत्या. याबद्दल आम्हा सर्व सभासदांना तीव्र सहानुभूती होती आणि ती आम्ही जिन्यात भेटलो की एकमेकांकडे व्यक्त करत असू.

काकूंचा मुलगा सिद्धेश संस्थेचा सेक्रेटरी आहे. निवडणुकीच्या दिवशी तो तापाने घरी पडून होता, त्यामुळे त्याला नाही म्हणता आलं नाही. लिफ्टसाठी त्याने सगळं करून पाहिलं. इमारत मजबूत असल्याचा दाखला नेला, तर 'मजबूत इमारत फोडण्याचे प्रयोजन काय?' असा शेरा आला. इमारत कमजोर असल्याचा दाखला नेला, तर लिफ्टऐवजी घरं रिकामी करायची नोटीस आली. ती नोटीस मागे घ्यायला लावण्यात दीड वर्ष गेलं.

एका रविवारी सकाळी सिद्धेश संस्थेच्या ऑफिसात एकटाच बसला होता. वैतागून तो मोठ्याने म्हणाला, "एक लिफ्ट द्या रे कोणीतरी. आत्मा देतो माझा."

दारावर टकटक झाली. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, काखेत फाइल, असा एक गृहस्थ आत आला.

"आपला तोंडी अर्ज मिळाला," तो म्हणाला. "मी सैतान. पूर्व उपनगरं माझ्याकडे आहेत."

पाठपुरावा न करता स्वतःहून आलेला आपल्या आयुष्यातला हा पहिला अधिकारी, असं सिद्धेशने मला नंतर सांगितलं. त्याने लगेच पेन काढलं. "कुठे सही करू, बोला."

"तसं चालत नाही," सैतान खुर्ची ओढत म्हणाला. "वैयक्तिक आत्म्यावर आम्ही वैयक्तिक इच्छा देतो. बढती, लग्न, विरोधकाला पित्ताचा त्रास. लिफ्ट ही सामाईक सुविधा आहे. तिला सगळ्या वीस सदनिकांचे आत्मे लागतील, आणि सर्वसाधारण सभेचा ठराव."

"वाट लागली. वीस जण कसे तयार होतील? जिन्यातला बल्ब कुठल्या रंगाचा लावायचा यावर आमची तीन वर्षं गेली."

"त्या सभेला किती जण होते?"

"चार."

"मग अडचण काय आहे?" सैतानाने विचारलं.

नोटीस रीतसर चौदा दिवस आधी फळ्यावर लागली. विषय क्रमांक चार, पाण्याची टाकी साफ करणे. विषय क्रमांक पाच, लिफ्टच्या मोबदल्यात सर्व सभासदांचे आत्मे सैतानाकडे वर्ग करणे. विषय क्रमांक सहा, कुंड्या. तीच नोटीस ग्रुपवरही आली आणि आम्ही सतरा जणांनी तिला अंगठा दाखवून पोच दिली. मी दुसऱ्या मजल्यावर राहतो, चार पानी नोटीस वाचत बसायला मला वेळ नसतो. कुंड्यांबद्दल मात्र मी सविस्तर हरकत नोंदवली होती.

सभेला तिघे आले. सिद्धेश, तळमजल्यावरचे अध्यक्ष भीमराज जाधव आणि तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तराबाई गायकवाड, बासष्ट वर्षांच्या निवृत्त शिक्षिका. नोटीस वाचण्याची सवय असल्यामुळे संस्थेत त्यांचं कोणाशी फारसं पटत नाही. सैतान निमंत्रित म्हणून कोपऱ्यात बसला. कोरम नसल्याने सभा अर्धा तास तहकूब झाली. अर्ध्या तासाने, चहा पिऊन, तीच सभा त्याच जागी त्याच तिघांत पुन्हा भरली आणि आता तिला कोरमची गरज उरली नाही. सैतान नियमाचं ते पान कितीतरी वेळ बघत होता. असलं कलम आपल्याला सुचलं नाही याचं त्याला वाईट वाटलं असावं.

"माझा विरोध आहे," उत्तराबाई म्हणाल्या. "एक तर लोकांना न विचारता त्यांची वस्तू द्यायची नाही. दुसरं म्हणजे आम्ही बौद्ध. आम्ही आत्मा मानतच नाही."

"मानणं-न मानणं ही आपली खासगी बाब आहे, बाई," सैतान नम्रपणे म्हणाला. "आमच्या दप्तरी आत्मा सदनिकेमागे एक असा धरतात."

"मीही मानत नाही," भीमराज म्हणाले, "पण द्यायचाच असेल तर तळमजल्याला सवलत पाहिजे. आम्ही लिफ्ट वापरणार नाही, मग पूर्ण आत्मा का द्यायचा?"

यावर पाऊण तास चर्चा झाली. शेवटी तळमजल्याने पाव आत्मा, पहिल्याने अर्धा आणि वरच्यांनी पूर्ण द्यावा असं ठरलं. उरलेली तूट लिफ्टच्या आरशात स्वतःला न्याहाळणाऱ्यांकडून वसूल होईल असं सैतानाने मान्य केलं. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी संमत झाला आणि प्रथेप्रमाणे इतिवृत्तात 'सर्वानुमते' असा लिहिला गेला.

सोमवारी सकाळी लिफ्ट हजर होती, सगळ्या दाखल्यांसह. काकू खाली आल्या. गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्यांनी भाजीवाल्याशी तासभर भांडण केलं आणि एरवी जेमतेम एक वेळ जेवणाऱ्या आईला त्या दिवशी दोन वेळा जेवताना पाहिलं म्हणून सिद्धेश रडला. आत्म्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. ग्रुपवर तक्रारी आल्या त्या लिफ्टचा पंखा आवाज करतो, आणि कुत्र्यांनी लिफ्टने जावं की जिन्याने, याबद्दल. माझ्यापुरतं सांगायचं तर आत्मा गेल्याने मला काहीच फरक जाणवला नाही. झोप उलट बरी लागत होती.

पुढच्याच रविवारी सकाळी सैतान पुन्हा आला. शर्ट चुरगळलेला, चेहरा उतरलेला. काकू खाली गेटजवळ होत्या, सिद्धेश त्यांच्या शेजारी होता आणि मी दुधाची पिशवी घेऊन वर निघालो होतो.

"मालात घट आली आहे," सैतान सिद्धेशला म्हणाला. "वीस सदनिका तपासल्या. आत्मे दोनच निघाले. एक तुमचा, एक उत्तराबाईंचा. बाकी ठिकाणी जागा रिकामी. कधीपासून, याची नोंद नाही. आम्ही खोट्या मालावर सेवा देऊ शकत नाही."

त्याने फाइल मिटली आणि लिफ्ट नाहीशी झाली. जिथे ती होती तिथे पूर्वीसारखी मोडकी सायकल उभी होती.

"आई खाली आहे हो," सिद्धेश म्हणाला. "तिला वर न्यायचंय."

"खुर्चीसकट उचला. चौघे लागतील," सैतान म्हणाला.

सिद्धेशने ग्रुपवर लिहिलं, 'चौघे हवेत, पाच मिनिटं.' सगळे घरात होते, दारांमागे टीव्ही चालू होते. एकाने लिहिलं, 'बाहेर आहे.' दुसऱ्याने मजल्यांप्रमाणे पाळ्या लावायची सूचना मांडली. भीमराजांनी विषय पुढच्या सभेत घेऊ असं कळवलं.

काकूंनी मुलाचा हात धरला. "माका लिफ्ट नको होती रे," त्या म्हणाल्या. "चार जणांनी खुर्ची धरली आसती तर मी कदीच खाली इलंय आसतंय. दोन वर्सांत एकय येवक नाय."

उत्तराबाई पदर खोचत जिना उतरून आल्या. "तुमच्या यादीत दुरुस्ती करा," त्या सैतानाला म्हणाल्या. "माझ्याकडे सापडला तो आत्मा नाही. साधी माणुसकी आहे. शब्द नीट लिहा." आणि त्यांनी खुर्चीचा एक पाय धरला. दुसरा सिद्धेशने धरला.

सैतानाने घड्याळ पाहिलं, फाइल पायरीवर ठेवली आणि बाह्या सारख्या केल्या. "हे नियमात बसत नाही," तो म्हणाला. "आजचा दिवस रजा टाकतो." त्याने तिसरा पाय धरला.

मग तिघेही माझ्याकडे बघायला लागले.

मी काही दगड नाही. मी दुधाची पिशवी मनगटाला अडकवली आणि चौथा पाय धरला. दुसरा मजला आला तेव्हा मी खुर्ची अलगद खाली ठेवली, कारण मी दुसऱ्या मजल्यावर राहतो. पुढचं त्यांनी कसं केलं ते मी पाहिलं नाही. दार लावून घेतलं होतं.

जाताना सैतानाने माझी बेल वाजवली. घामाघूम झाला होता. त्याला अजून अठरा आत्मे भरून काढायचे होते, ओळखीत कुठे मिळतील का, म्हणून विचारत होता.

मला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा. पण तुमच्या इमारतीत सगळ्यात वर कोण राहतं, आणि ते माणूस शेवटचं खाली कधी आलं होतं, एवढं आधी आठवून पाहा. कारण मी सैतानाला तुमचा पत्ता दिला आहे. घाबरू नका, तुमच्याकडे त्याच्या हाती काही लागेल असं मला वाटत नाही.