तडिताचे वकील

आमच्या ह्यांच्या ऑफिसात भिंतीवर एक बाई आहे. केस मोकळे, तळहातांतून वीज निघालेली. पक्षकार आधी तिला हात जोडतात, मग खुर्चीवर बसतात. धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्यानं तर केस जिंकल्यावर तिच्यापुढे नारळ फोडला. 'बाबा रे, ही देवी नाही, चित्रकथेतली तडिता आहे,' असं ह्यांनी सांगावं की नाही? छे! खोबरं घरी आणून मला म्हणाले, "चटणी कर. प्रसाद हाय."

तर ही माझी सवत. कागदाची असली तरी सवतच.

आमचे हे अमरावतीच्या कोर्टात वकील. घरातही तेच. "आपली हरकत हाय," हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीत मीठ कमी असलं की हरकत, पाहुण्यानं चपला उलट्या काढल्या की हरकत. लहानपणी मासिकात तडिताची गोष्ट वाचली आणि गडी तिथंच अडकला.

जुन्या गोष्टीत तडिता ही साधी गुराख्याची मुलगी. वादळात देवळातला दिवा विझायला आला, तेव्हा तिनं ज्योतीभोवती उघडे तळहात धरले. हात पोळले, दिवा राहिला, आणि त्या पोळलेल्या हातांत वीज आली. आता मोबाइलवर तिची नवी मालिका निघाली आहे. तिच्यात तडिता थेट इंद्राची कन्या. वीज वडिलांकडून, जन्मतःच! ते पाहून हे जेवले नाहीत. पोरीची पाठवणी झाली त्या दिवशीही ह्यांनी दोनदा वाढून घेतलं होतं.

मग ह्या वादात अकोला उतरलं. तिथल्या जठारपेठेतल्या वंदनाताई तडिताच्या चाहत्यांच्या गटातल्या; शाळेत शिकवतात, आणि त्या इंद्राच्या बाजूच्या. रोज संध्याकाळी फोन. हे तावातावानं भांडायचे आणि मध्येच खळखळून हसायचे. माझ्याशी बोलताना हसायला ह्यांना मुहूर्त लागतो. मला मत्सर वाटला का? वाटला, चांगला पोटभर वाटला. कागदाच्या बाईचं एक वेळ चालतं, तिला फोन तरी करता येत नाही.

मागच्या रविवारी तडिताच्या चाहत्यांची बैठक आमच्या अंगणात ठरली. जेवायला वांग्याची भाजी आणि रोडगे. म्हणजे वाद सवतीच्या जन्माचा आणि स्वयंपाक माझा! ह्यांनी सकाळपासून दोनदा मिशा कोरल्या. वंदनाताई आल्या त्या चष्मा डोक्यावर ठेवून, आणि साडी माझ्यापेक्षा चांगली. मी गोवऱ्यांच्या विस्तवात कणकेचे गोळे लावले, आणि त्यातला एक त्यांच्या नावानं मुद्दाम करपू दिला.

"वकीलसाहेब, देवाची मुलगी दाखवली तर बिघडलं काय?" वंदनाताईंनी विचारलं.

"आपली हरकत हाय! देवाचीच पोट्टी असली त मंग तिचं कौतुक कायचं? शक्ती बापाच्या घरून आनता येत नाई. हात पोळल्यावर येते. मी डोळ्यानं पाह्यलं हाय."

"कुठं पाहिलं?"

"घरी," हे म्हणाले. "आमची मंदा शेंदूरजनाघाटची, संत्र्याच्या बगीचेवाल्याची पोरगी. माहेरी कधी चुलीपाशी गेली नोती. मी वकिली शिकत होतो तवा इथं लोकाच्या पंगतीचे रोडगे भाजून देत होती. हाताले ह्ये फोड! आता पाहा तिकडं."

सगळे वळले. मी विस्तवातून हातानंच रोडगा काढत होते. नेहमी तसाच काढते. त्या दिवशी मात्र तो हातातून सुटला.

खरं सांगते, आधी रागच आला. इतक्या वर्षांच्या संसारात हे बोल माझ्या वाट्याला कधी आले नाहीत, आणि अकोल्याच्या बाईला फुकट मिळाले!

वंदनाताई उठून माझ्याजवळ आल्या. "ताई, हात पाहू बरं."

"आपली हरकत हाय," मी म्हणाले. सगळे हसले. हे हसले नाहीत.

करपलेला रोडगा मी माझ्याच पानात घेतला.

संध्याकाळी मंडळी पांगल्यावर हे अंगणात घमेल्यात राख भरत होते. मी विचारलं, "हे मले काहून नाई सांगतलं कधी?"

ह्यांनी वर पाहिलं नाही. "सांगाले बसलो का तू उठून जाते. तडिताचं नाव काढलं का तुले दूध आठवते, दोरीवरचे कपडे आठवते. मंग मी कोनाले सांगू?"

कोर्टात दणाणून बोलणाऱ्या ह्या माणसाचं ऐकायला घरात कुणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात ह्यांचा फोन वाजला. अकोला. ह्यांनी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मीच तो उचलला.

"पोचल्या का ताई? बरं झालं. हे आता कामात हायेत."

मी फोन पालथा ठेवला आणि पाट ओढून बसले.

"सांगा," मी म्हटलं. "त्या दिव्यापासून."

ह्यांनी हातांची राख झटकली, सदरा नीट केला, आणि कोर्टात उभे राहतात तसे माझ्यापुढे उभे राहिले.