देवरावजींचा लोड

देवरावजी दुसऱ्यांच्या घरात शिरून दिवे बंद करत. रागाच्या भरात मी हे वाढवून सांगत नाही. नाचणगावात आमच्या ओळीतल्या कोणालाही विचारा. संध्याकाळ झाली की हा वाळकुडा म्हातारा काठी टेकत निघे, चपला दाराबाहेर काढी, तेवढी रीत मात्र पाळी, आणि सरळ बटणापाशी जाई. खट्!

"दोन माणसांले तीन दिवे कायले पाह्यजे? तिकडं मशीन दमून राह्यली, अन् तुमी इकडं उजेडात बसून राह्यले! लोड कमी करा, लोड!"

की निघाले पुढच्या घरी.

एका कोळशाच्या वीजकेंद्रात पॅनेलवरच्या काट्यांकडे बघत त्यांची सगळी नोकरी गेली होती. निवृत्त होऊन गावी आले ते काटे डोक्यात घेऊनच. मारुतीच्या ओट्यावर बसून आम्हाला शिकवत, "कोळशाचं युनिट, वीज करणारी मशीन, म्हणजे म्हैस. उठवा, वाट पाहा, मंग उठते. गॅसचं तसं नाई. तिकडं समुद्राकाठी गॅसचं मोठं केंद्र झालं. तिथलं युनिट हाक मारली का उठते. म्हणून जो तो त्यालेच राबवते. हा काय न्याय झाला?"

हे बोलताना त्यांचा आवाज असा चढे की जणू आम्हीच त्या युनिटाच्या मानेवर बसलो आहोत. मी शाळेत गणित शिकवतो. आमच्या घरातल्या साठच्या बल्बने समुद्राकाठचे युनिट दमते, हे माझ्या गणितात काही बसत नव्हते. एकदा तर त्यांनी ऐन भजनात देवळातला दिवा घालवला. आमचे भजनी मंडळ वहीत बघून गाणारे, ते कडव्याच्या मधोमध थांबले. देवरावजी अंधारातून ओरडले, "पाठ करा न!"

इथवर मी सोसले. पण माझी धाकटी बहीण सुमन हिला बघायला आर्वीचे पाहुणे आले, त्या दिवशी माझा संयम संपला.

आमचे वडील नाहीत, तेव्हा सगळी जबाबदारी माझी. मी बैठकीत खास नवी ट्यूब बसवली होती. सुमन पदर सावरत चहाचे कप घेऊन आली, मुलाच्या मामाने हात पुढे केला, आणि खट्!

"पोरगी एका दिव्यात दिसते न? का पाव्हणे भिंती पाह्याले आले?"

कोपऱ्यातला बल्ब तेवढा मिणमिणत राहिला. चहा मामाच्या धोतरावर सांडला. पाहुणे "कळवतो" म्हणून जे उठले ते उठलेच. आई आत जाऊन रडू लागली.

मी तसाच अनवाणी देवरावजींच्या घरी गेलो. म्हटले, आज या माणसाला सोडायचे नाही. घरात सगळा अंधार. एकच छोटा बल्ब, त्याच्या उजेडात भिंतीवर एक घड्याळ, घड्याळातून निघालेली वायर थेट प्लगमध्ये. देवरावजी समोर खुर्ची टाकून बसले होते.

"हे काय केलं तुमी?" मी ओरडलो. "पोरीचं लगन मोडलं माह्या घरचं!"

"नऊ मिनिटं मांगं हाय," ते घड्याळावरची नजर न हलवता म्हणाले. "हे चावीचं नाई, मास्तर. तारेतून वीज येते तसं चालते. लोड वाढला, मशीन दमली, का हे मांगं पडते. सकाळी रेडिओ ऐकून लावलं होतं."

"मशीन गेली खड्ड्यात!"

"मशीन नाई, मास्तर. त्या गॅसच्या केंद्रात विलास हाय, पॅनेलवर. आज दुपारपाळी हाय त्याची."

विलास म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. नोकरीला कुठेतरी मुंबईकडे आहे, एवढेच मला ठाऊक. घड्याळाखाली एक पोस्टकार्ड टाचले होते. समुद्राकाठच्या त्या केंद्रातला देवरावजींचा कोणी जुना सोबती दर महिन्याला विलासच्या पाळ्या लिहून पाठवत असे.

दोन वर्षांपूर्वी देवरावजींची बायको गेली. मुलगा मातीलाही आला नाही म्हणून सगळ्या गावाने त्याला नावे ठेवली. त्यात माझी जीभ सगळ्यांत लांब होती.

"त्याची तार आली होती," देवरावजी म्हणाले. "बदली माणूस नाई, तरी निघतो म्हणे. म्या उलटी तार धाडली. बदली आल्याबिगर पॅनेल सोडू नको. पॅनेलवरच्या माणसानं खुर्ची सोडू नये, हे म्याच शिकवलं होतं त्याले. त्यानं आयकलं. तवापासून आला नाई. म्याबी बलावलं नाई."

मला इतका संताप आला की मी कशासाठी आलो होतो तेच विसरलो. दोन वर्षे आम्हाला मुलाला शिव्या देऊ दिल्या, आणि हा माणूस घरोघरी बल्ब विझवत फिरतो!

"हाक मारली का उठते म्हणता न तुमचं गॅसचं युनिट?" मी ओरडलो. "मंग मारा न हाक पोराले! एक कार्ड टाकाले काय होते?"

त्यांनी उठून घड्याळाखालचे कार्ड सरळ केले.

"कोणत्या तोंडानं?" ते म्हणाले. "माह्याच्यानं फक्त लोड कमी होते, मास्तर."

घरी आलो. बैठकीत ट्यूब पुन्हा लागली होती आणि सुमन चहाचे कप उचलत होती. मी बटण दाबले. खट्.

"आता तुलेबी लागलं काय त्याईचं?" ती कडाडली.

"विलासची दुपारपाळी हाय," मी म्हणालो.

"विलासचं काय मंधातच?"

मी दप्तरातून एक कोरे पोस्टकार्ड काढले, कोपऱ्यातल्या बल्बखाली बसलो आणि लिहिले, "तुह्या बाबानं हाक मारली हाय. बदली माणूस आला का निघून येजो."