जाधव काकांच्या ठरवून केलेल्या चुका

इथे हिंदी मुलखात, दर्पण कॉलनीतले आमचे शेजारी जाधव काका दिवसातून निदान दहा वेळा चुकतात, आणि तेही ठरवून. दारात भाजीवाला आला की दुधीवर बोट ठेवून दोडक्याचा भाव विचारतात, "ये तोरी कैसे दी?" आतून काकू सावकाश म्हणतात, "अहो, दुधी आहे तो." काका खूश. भाजीवाला मला हळूच विचारतो, "दीदी, बाबूजी सचमुच प्रोफेसर थे?"

होते ना. आयुष्यभर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं त्यांनी. एमएस्सीच्या परीक्षेसाठी मी त्यांच्याकडे जायला लागले, तेव्हा या चुकांमागचं शास्त्र कळलं. काकूंना पार्किन्सन आहे. मेंदूतल्या ज्या पेशी डोपामिन बनवतात, त्या कमी होत चालल्या आहेत.

"डोपामिन बनायला एक एन्झाइम लागतं," काका समजावतात. "ते बनवायची मूळ कृती पेशीच्या केंद्रकात, कुलूपबंद. तिची फक्त नक्कल बाहेर जाते, तो मेसेंजर आरएनए. नकला जास्त, तर एन्झाइम जास्त. आणि चेतापेशीला काम पडलं की ती जास्त नकला काढते. समझीं? म्हणून हिच्या उरलेल्या पेशींना मी रिकामं बसू देत नाही."

मग आमटी ढवळता ढवळता हाक येते, "अगं, आपलं लग्न नागपूरला झालं ना?"

"झाशीला. वऱ्हाड उशिरा पोचलं होतं तुमचं."

हल्ली काकूंची उत्तरं यायला वेळ लागतो. तोवर काकांचा हात थांबलेला असतो.

मी फारसं काही विचारत नाही, पण एकदा विचारलंच. "काका, अशानं खरंच नकला वाढतात?"

त्यांनी चष्मा पुसला. "पुरावा नाही. पेपरात हे लिहिलंस तर मी शून्य देईन."

मागच्या आठवड्यात त्यांनी काकूंच्या बहिणीचं नाव चुकवलं. काका स्वयंपाकघराच्या दारात डाव धरून उभे. मागे आमटी उतू गेली, तरी हलले नाहीत. बऱ्याच वेळानं काकू म्हणाल्या, "सुमन. कुसुम नाही."

"हां, सुमन," म्हणत काका शेगडी पुसायला आत गेले.

मी वही आवरत होते. काकूंनी हात माझ्या मनगटावर ठेवला.

"मुद्दाम चुकतात, मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण मी दुरुस्त केलं नाही ना, तर त्यांना रात्रभर झोप लागत नाही."